वजन चाकांवर असताना

विलो बेंच, नक्लाच्या पश्चिमेला, कोलोरॅडो
रविवार, ८ मार्च २०१५

चि. टॅरिन,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझी आई बरी आहे, मी बरा आहे, कोंबड्या चौदाच्या अकरा झाल्या, कोल्ह्याची कृपा. बर्फ यंदा लवकर वितळलं. तुझ्या वाळवंटातल्या हेंडरसनला आत्ताच पंखे लागले असतील.

फोन करू नका असं तू सांगितलं होतंस, आणि तसंही इथे फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं, म्हणून पत्र. काम आहे म्हणून लिहितोय, हे आधीच सांगतो. कामाशिवाय लिहायची तुझी-माझी रीत नाही.

जुनी चेरोकी जीप जमिनीपासून आणखी उंच उचलायची आहे. किती उचलायची आणि कशानं, एवढंच विचारायचंय. तू आता वाळवंटातल्या शर्यतीच्या गाड्यांची सस्पेन्शन बसवतेस असं कळलं, तेव्हा म्हाताऱ्याला दोन ओळी लिहून पाठवायला तुला फार वेळ लागू नये.

झालं असं, की फेब्रुवारीत पाणी आलं आणि रस्त्याखालची मोरी घेऊन गेलं. काउंटीची माणसं आली, कठड्याला टेकून उभी राहिली, आमची कॉफी प्यायली आणि हिवाळ्याच्या आधी करू म्हणाली. कुठल्या हिवाळ्याच्या ते नाही सांगितलं. आता डांबरी सडक गाठायची तर ओढ्यातली जुनी खाणवाट, नऊ मैल. मधे 'दात' आहेच. ज्या खडकाच्या पायरीवर तू सोळाव्या वर्षी माझा एक्सल वाकवलास, तोच.

मला एकट्याला त्याचं काही नाही. पण तुझ्या आईला सोमवार, बुधवार, शुक्रवार माँट्रोजला जावं लागतं. रक्त धुवायच्या मशीनवर बसायचं असतं, गेल्या ऑक्टोबरपासून. तुला कळवायचं नाही असं तिनं बजावलं होतं, म्हणून हे वाचून तिला काही लिहू नकोस. घाबरण्यासारखं नाही. लोक वर्षानुवर्षं त्या मशीनवर काढतात, तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा एक जण तर पत्त्यांत सगळ्यांना लुटतो. फक्त खाडा चालत नाही. दोन-तीन वेळा चुकलं की अंगात पाणी भरतं, आणि आठ-दहा दिवस गेलंच नाही तर पुढचं काय ते तुला सांगायला नको.

गावात खोली घेऊन राहू म्हटलं, तर म्हणते, "पार्किंगकडे तोंड करून मी मरणार नाही." घरी बसवायचं मशीन मिळतं, पण त्याला शुद्ध पाणी लागतं आणि आपल्या विहिरीत काय काय आहे ते तुला माहीत आहे. तेव्हा जायचं म्हणजे गाडीनंच, आणि ओढ्यातूनच.

आता अडचण ऐक. गाडी मूळ उंचीची आहे, दातावर पोट घासतं आणि तो दणका आत बसणाऱ्याच्या पाठीत जातो. मूत्रपिंडाच्या दुखण्यात हाडं ठिसूळ होतात म्हणे. तेव्हा उचलायला हवी, पण उचलली की तिला चढता यायला हवं. मी मापं घेतलीत. दाराशी लाकडी पेटी ठेवली तर पेटीवरून तिचा पाय चौदा इंच उचलला जातो. पंधरा म्हटलं की नाही. एकावर एक दोन पेट्या ठेवल्या तर तोल जातो. म्हणजे तीन इंचांच्या वर मला जाता येत नाही.

लाइल साडेचार इंचांच्या मागे लागलाय. तोच लाइल, जीपवाल्यांच्या क्लबचा, अजून तसाच बडबड्या आहे. परवा अंगणात उभा राहून म्हणतो, "वेंडेल, साडेचार घाल, त्या दाताकडे बघायचीसुद्धा गरज नाही."

"आणि नेडीनला चढवू कशी? तुझ्या खांद्यावरून?"

"चढवू की. माझ्या खांद्यांनी याहून वाईट वजनं उचललीत."

आतून तुझी आई ओरडली, "लाइल, मी ऐकतेय बरं का!" 

तर तीन इंच धरून चालू. प्रश्न कशानं. आहे त्या स्प्रिंगवर नुसते ठोकळे ठेवले तर स्प्रिंग मऊच राहते, पण चाक खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात लटकतं आणि आपटतं. नवी उंच स्प्रिंग घातली तर ती कडक निघायची भीती, कारण हे किटवाले सगळे माल भरणाऱ्या पोरांसाठी बनवतात, त्र्याण्णव पौंडांच्या बाईसाठी नाही. लांब आर्मचं किट, म्हणजे एक्सल धरणारे दांडेच लांब, ते सगळ्यांत गुळगुळीत, पण त्याला चासीवर वेल्डिंग हवं आणि माझा हात आता वेल्डिंगला स्थिर राहत नाही.

कुठली स्प्रिंग, कुठले शॉकॲब्सॉर्बर, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचं काय, एवढं लिही. बाकी मी बघतो.

तुझा,
बाबा

---

विलो बेंच
रविवार, १२ एप्रिल २०१५

टॅरिन,

तुझी यादी वेळेवर मिळाली. वर "बाबा" नाही, खाली नाव नाही, पण यादी चोख होती, ते कबूल करायला हवं. आईच्या नावाची वेगळी चिठ्ठी मी न उघडता तिला दिली. तिनं वाचली, घडी घातली आणि दुपारभर माझ्याशी बोलली नाही. मी तुला कळवलं म्हणून. असो.

सामान आलं. मी एकट्यानं दोन दिवसांत बसवलं. तुझी आई अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसली होती आणि मी गाडी लोखंडी स्टँडच्या घोड्यांवर चढवून खाली उताणा. मधून मधून ती पाना पुढे करायची, पूर्वी आपल्या गाड्यांच्या दुकानात करायची तशी. ते दोन दिवस बरे गेले, खोटं कशाला सांगू.

पण टॅरिन, तुझी स्प्रिंग चुकली.

मी कुणावर उगाच ठपका ठेवत नाही. चाळीस वर्षं हेच केलंय. यादीत तीन इंच होते, गाडी उचलली गेली पावणेचार. किती वेळा मोजलं. आणि चालायला पूर्वीपेक्षा कडक. दातावर पोट घासत नाही हे खरं, पण आता लहानसा दगडसुद्धा आत कळतो. टायरमधली हवा मी मातीवर बारा पौंडांपर्यंत उतरवतो, सडक लागली की परत भरतो, तरी तेच. शॉकॲब्सॉर्बर बदलून बघितले. मागच्या सीटवर वाळूची पोती टाकून बघितली. पाठीमागे उशा, बुडाखाली घोंगडी, सगळं झालं. गाडी बाकासारखी चालते.

आणि त्या पाऊण इंचानं सगळंच बिघडवलं. तिला आता पेटीवरून चढता येत नाही, मला उचलून ठेवावं लागतं. तुझी आई कशी आहे तुला माहीत आहे. लग्नात मी तिला उंबऱ्यावरून उचलून न्यायला गेलो, तर म्हणाली होती, "माझे पाय चांगले आहेत." आता उचलतो तेव्हा ती डोळे मिटून घेते, आणि मी दुसरीकडे बघतो.

पहिल्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. जानेवारीत तिच्या पाठीचा एक मणका चिरला. पडली नाही, झडली नाही, नुसती टबमधून उठली. डॉक्टर म्हणाले गाडीत बसा, पण हादरे नकोत. मी म्हटलं, हादऱ्यांचं माझ्यावर सोपवा, मी जन्मभर तेच विकत आलो.

गेल्या शुक्रवारी दात उतरताना ती ओरडली. तुझ्या आईनं दुखण्यानं ओरडलेलं मी एकदाच ऐकलंय, तुझ्या वेळी. मी थांबलो. म्हटलं, "पाच मिनिटं थांबू या."

ती म्हणाली, "थांबून काय दगड मऊ होणारेत? चल."

 माँट्रोजच्या नर्सनं तिचे हात बघितले, दाराची कडी धरून धरून वळ उठले होते, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी काय सांगणार होतो? की ठीक आहे, फक्त मुलीनं स्प्रिंग चुकीची सांगितली?

दोन खेपा चुकल्या आहेत. एक ओढ्याला पाणी होतं म्हणून. दुसऱ्या वेळी ओढा कोरडा होता.

आता मला सांग, या स्प्रिंगा काढून जुन्याच घालू आणि वर ठोकळे ठेवू, की आणखी मऊ काही मिळतं? शर्यतीच्या गाड्या शंभराच्या वेगानं दगडांवरून नेता तुम्ही आणि ड्रायव्हर हसत उतरतो, मग नऊ मैल, ताशी सहा मैलांनी, एका बाईला न दुखवता नेता येत नाही? मी गाडीखाली पडून रडलोय, टॅरिन. हे लाइललाही माहीत नाही.

नीट विचार करून लिही. या वेळी चूक नको.

वेंडेल हॅस्क्यू

---

विलो बेंच
गुरुवार, ७ मे २०१५, दुपार

माझी टॅरिन,

हे पत्र लाइलच्या हातून येतंय. तो आत्ता अंगणात गाडी चालू ठेवून उभा आहे आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवतोय. मध्यरात्रीपर्यंत तुझ्या दारात पोचतो म्हणाला. त्याला बस म्हणू नकोस, खायला घालू नकोस, आधी हे वाच.

काल मी टेकडीवर चढून तुला फोन केला. नंबर बंद आहे. मग तुझ्या वर्कशॉपला केला. ज्यानं उचलला त्यानं विचारलं कोण. मी म्हटलं, तिचा बाप. तो म्हणाला, "तिला बाप नाही असं ती म्हणते," आणि ठेवून दिला. त्याची काही चूक नाही.

तुझी आई काल मशीनवर गेली नाही. सोमवारी गेली ती शेवटची. मंगळवारी सकाळी अंडी गोळा करून आली, टेबलाशी बसली आणि वाणसामानाची यादी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "वेंडेल, आता पुरे. मी त्या गाडीत बसणार नाही." मी ओरडलो, विनवलं, रुग्णवाहिकेचं बोललो, ती ओढ्यातून येतच नाही. हेलिकॉप्टरचं बोललो. ती म्हणाली, "आठवड्यातून तीनदा हेलिकॉप्टर? मी कोण, राणी?" काल बुधवार गेला. उद्याचा शुक्रवारही तसाच जाणार. पावलं सुजली आहेत. नर्सला मी टेकडीवरून विचारलं, ती म्हणाली आठवडा, फार तर दहा दिवस, आणि आम्ही तिला जबरदस्तीनं बसवू शकत नाही, मिस्टर हॅस्क्यू.

आता जे लिहायचं ते मी इतका वेळ टाळतोय. लाइलनं परत हॉर्न दिला.

काल तिनं परत नकार दिल्यावर मी सरळ गाडीखाली गेलो. तुझ्या स्प्रिंगा काढून ओढ्यात फेकणार होतो. जॅक लावण्याआधी नट ढिले करून घ्यावेत म्हणून, गाडी जमिनीवर उभी असतानाच, पुढच्या आर्मचा पहिला बोल्ट सोडला. धाडकन आवाज झाला. आर्म पान्यातून उडाल्यासारखा फिरला आणि गाडी माझ्या नाकाकडे बोटभर खाली बसली. दुसरा सोडला, परत धाड. मागच्या पाट्यांचे सोडले, तेच. सगळे सोडल्यावर बाहेर येऊन मोजलं. तीन इंच. बरोब्बर तीन.

आर्मच्या आणि पाट्यांच्या सांध्यात बसतात त्या बुशांचं रबर पिळवटून फाटलं होतं.

मी गाडी घोड्यांवर असताना, चाकं हवेत लोंबत असताना, सगळे बोल्ट आवळले होते. रबर तिथंच धरलं गेलं. मग गाडी खाली उतरवली तेव्हा प्रत्येक बुश पिळला गेला आणि पिळलेलाच राहिला. स्प्रिंग बिचारी मऊच होती. तिला हलूच दिलं नव्हतं मी. पाच आठवडे मी सगळं बदललं, उशा बदलल्या, हवा बदलली, पण त्या बोल्टांना पाना लावला नाही, कारण ते मी स्वतः आवळले होते.

हे तू मला किती वेळा सांगितलंस, टॅरिन. वजन चाकांवर असताना आवळा, बाबा. रबराला माहीत हवं गाडी कुठे उभी आहे ते. मी म्हणायचो, कॉलेजात शिकून आलीस की काय, आणि तू कॉलेजात गेलीच नव्हतीस, सगळं माझ्याच दुकानात डोळे उघडे ठेवून शिकली होतीस. आणि मग तो दिवस. हार्लनची, आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची, गाडी मी तयार करून दिली होती, तू त्याच्या देखत खाली सरकलीस आणि एकेक बोल्ट ढिला करून परत आवळायला लागलीस. हार्लन हसला. एवढंच झालं होतं, तो हसला. आणि मी तुला पाय धरून गाडीखालून ओढलं. सहा वर्षं मी लोकांना सांगत आलो की पोरगी मोठ्या शहराच्या नादानं गेली. मी तुला पायाला धरून ओढलं, गिऱ्हाइकांसमोर, आणि म्हटलं दुकानाच्या पाटीवर नाव माझं आहे. तुझी आई काउंटरच्या मागे उभी होती.

तू यादीत ते लिहिलं नव्हतंस. का, ते मला समजतं. लिहिलं असतंस तर मी मुद्दाम उलट केलं असतं.

अजून एक आहे. तुझं दुसरं पत्र, माझ्या त्या शहाण्या पत्राचं उत्तर, अठरा एप्रिलला आलं. मी ते उघडलं नाही. स्प्रिंग बरोबर आहे असंच लिहिलं असणार, वर चार शब्द सुनावले असणार, असं वाटलं. कॉफीच्या डब्यामागे ठेवलं. काल ते धाड धाड आवाज झाल्यावर, हातांचं ग्रीस न पुसता आत गेलो आणि फोडलं. सहीशिवाय पाच ओळी. पाऊण इंच जास्त म्हणजे स्प्रिंग नाही, बुश. वजन चाकांवर असताना आवळलेत का? नसेल तर सगळे सोडा, गाडी खाली उतरवा, हलवा, मग आवळा. आणि शेवटी, नाही जमलं तर फक्त "ये" एवढा एक शब्द कळवा, मी निघते.

एकोणीस दिवस ते डब्यामागे होतं. रोज सकाळी मी तो डबा काढत होतो. तेवढ्या दिवसांत ती सात वेळा माँट्रोजला गेली. जाऊन येऊन चौदा वेळा दात.

काल दिवस मावळायच्या आत दुकानातल्या जुन्या मालातले नवे बुश ठोकून बसवले. गाडी जमिनीवर उतरवली, चारही कोपऱ्यांवर उड्या मारून हलवली, मग तुझ्या पद्धतीनं एकेक आवळला. आज सकाळी एकटाच निघालो. तुझ्या आईच्या सीटवर तिच्याच अंड्यांचा ट्रे ठेवला, तीस अंडी, आणि दातावरून चढवून उतरवून परत आणली. एक फुटलं नाही. टॅरिन, ती गाडी इतकी अलगद उतरली की मी खाली उतरून दात तोच आहे ना बघितलं.

ट्रे घेऊन घरात आलो. ती खिडकीशी पाय वर करून बसली होती. मी ट्रे तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हटलं चूक माझी होती, स्प्रिंगची नव्हती, टॅरिनची नव्हती. हवेत आवळले मी. आता झालं सगळं, उद्या चल.

ती अंड्यांकडे बघत म्हणाली, "यांना ने माँट्रोजला. यांचं झालं काम."

मी म्हटलं, "नेडीन, ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"ऐकलं. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी खुर्ची टाकून समोरच बसले होते ना? चाकं लोंबत होती आणि तू आवळत होतास. पाना मीच देत होते तुला. बावीस वर्षं तुमच्या दोघांची भांडणं ऐकत मी त्या काउंटरवर बसले, मला काय कळत नाही?"

 मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? पाच आठवडे, नेडीन! तुझा मणका... बोलली का नाहीस?"

तेव्हा ती माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता म्हणाली, "एकीनं सांगितलं होतं तुला. तिला हेंडरसन तरी होतं जायला."

टॅरिन, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मी कुणाला मारलेलं नाही, दारू पिऊन घरी आलो नाही, मला वाटायचं मी बरा माणूस आहे. माझ्या घरात माझी बायको मणका चिरलेला असताना बाकावर आपटत राहिली, कारण मला चूक सांगण्यापेक्षा तिला ते सोपं वाटलं. आता हे घेऊन मी कुठे जाऊ?

मी तिच्या पायाशी बसलो. म्हटलं, आता सांग. काय करू ते सांग, जे सांगशील ते.  ती म्हणाली, "टॅरिन बोल्ट बघेल, आणि टॅरिन चालवेल, तर मी बसेन. तुझ्या आवळण्यावर आता मी नाही बसणार, वेंडेल."

मी म्हटलं, तू लिही ना तिला, तू लिहिलंस तर ती येईल. तर म्हणाली, "मी का? घालवली तू. बोलाव तू."

माझे बोल्ट बरोबर आहेत. मी सहा वेळा तपासले. पण ते खरं की खोटं हे आता मी ठरवायचं नाही, तू खाली जाऊन बघायचं. येताना लाइलच्या गाडीत बस किंवा तुझी घे, पण तुझी घेतलीस तर ओढ्यापर्यंतच, तिथून मी घ्यायला उभा असेन. आणि मी तिथे असायला नको असेल तर मी नक्लाला लाइलच्या घरी जाऊन राहतो. तू यायच्या आधी निघून जाईन, किल्ली गाडीलाच ठेवीन. माझं तोंड बघायची अट नाही. कसलीच अट नाही.

रात्रीच निघालात तर तुझी आई उद्या दुपारी मशीनवर बसेल. नर्सला मी सांगून ठेवलंय, खुर्ची धरून ठेवते म्हणाली. शनिवारीही बसवतील. रविवारी बंद असतं. सोमवारचं मला माहीत नाही, तिचे पाय बघून वाटतं सोमवार दूर आहे.

तू एक शब्द मागितला होतास आणि मी एकोणीस दिवस तो दिला नाही. लाइल आता गाडीतून उतरून दारापर्यंत आलाय.

ये.

बाबा